जांभळ्या गोळीचा वाटा

मनुबाईच्या हाताचा म्हावऱ्याचा वास काही शेवटपर्यंत गेला नाही. दहा-अकरा वर्षं इस्पितळात फिनेलच्या बादलीत हात घातले, तरी नाही. वॉर्डातल्या सिस्टर नाक मुरडायच्या. ती म्हणायची, हात माझा, नाक तुमचं, ज्यानं त्यानं आपलं आपलं सांभाळावं.

कोलशेतच्या कोळीवाड्यातली बाई. नवरा चौऱ्याहत्तर साली काविळीनं गेला, पदरात पोर नव्हतं, तेव्हा माहेरी आली ती कायमची. थोरला भाऊ दामाजी, त्याची होडी. भावानं पकडायचं आणि बहिणीनं ठाण्याच्या बाजारात पाटी मांडायची, असं नऊ वर्षं चाललं. मग खाडीच्या कडेनं कारखाने वाढले. पाणी कधी पिवळं यायचं, कधी तांबडं. बोय मासा पोट वर करून तरंगायला लागला, आणि कोलशेतचं म्हावरं म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या पाटीकडं जायला लागलं. त्र्याऐंशी साली मनुबाईनं पाटी उलटी करून माळ्यावर टाकली आणि ठाण्यातल्या एका धर्मादाय इस्पितळात आया म्हणून लागली. इस्पितळाचं नाव घेत नाही. नावाशी आपल्याला काम नाही.

सहीपुरतं लिहायला ती तिथंच शिकली. पण बाजारात बसून तिला एक विद्या आधीच आली होती. मासळीचा कल्ला बोटानं उचलून ती सांगायची, हे आजचं, हे कालचं, हे बर्फात झोपवून आणलेलं. माणसाला कल्ले नसतात, पण नखं असतात, हिरड्या असतात, डोळ्याची खालची पापणी असते. आज कोण जेवणार नाही आणि उद्याचा दिवस कोण बघणार नाही, हे तिला डॉक्टरच्या आधी कळायचं. आपण होऊन ती कुणाला सांगत नसे. विचारलं तर सांगायची.

डॉक्टर कारखानीस विचारायचे. ठाण्याचेच, चरईत राहणारे, बांबूसारखे उंच. कॅन्सरचा वॉर्ड त्यांच्याकडं होता. सगळं इस्पितळ तिला 'ए मावशी' म्हणायचं, हा एकटा माणूस 'मनुबाई, तुम्ही' म्हणायचा.

एक्याण्णवच्या दिवाळीनंतर त्या वॉर्डात एक नवं औषध आलं. कोलशेतच्या रस्त्यावरच्या एका औषध कंपनीनं ते आपल्याच प्रयोगशाळेत तयार केलेलं. उंदराला दिलं होतं, कुत्र्याला दिलं होतं, माणसाच्या पोटात अजून गेलं नव्हतं. त्याला नावसुद्धा नव्हतं, नुसता आकडा होता. गोळीचा रंग जांभळा, म्हणून वॉर्डात तिला जांभळी म्हणायला लागले. ज्यांचे बाकीचे उपाय संपले होते अशाच लोकांना ती द्यायची होती, त्यांची सही नाहीतर अंगठा घेऊन.

गोळ्यांच्या बाटल्या मनुबाईच्या ताब्यात राहणार होत्या, म्हणून डॉक्टरांनी तिला समोर बसवून कागदावर जिना काढून दाखवला. पहिल्या पायरीवर तीन माणसं, रोज एक गोळी. चार आठवडे थांबायचं. तिघांनाही फार त्रास झाला नाही तर दुसरी पायरी, नवी तीन माणसं, रोज दोन. मग तीन, मग चार, मग सहा. एखाद्या पायरीवर एकाचे फार हाल झाले तर वर चढायचं नाही, त्याच पायरीवर आणखी तिघं घ्यायचे. दोघांचे झाले तर तिथंच थांबायचं आणि एक पायरी खाली यायचं.

"खाली आल्यावर?" मनुबाईनं विचारलं.

"तो आकडा घेऊन पुढे चार इस्पितळांत तीनशे लोकांना औषध द्यायचं. खरी परीक्षा तिथे. पण इथला आकडा जास्तीचा निघाला, तर तिथे लोक औषध अर्ध्यात सोडतील, काही औषधानेच मरतील, आणि चांगलं औषधही वाईट ठरेल. कमीचा निघाला तर गुण येणार नाही. तिथे गेल्यावर आकडा बदलायला कुणी थांबत नाही, मनुबाई. जे ठरायचं ते ह्या तीन-तीन माणसांतच ठरतं."

मनुबाईला हे सांगायला लागलं नसतं तरी चाललं असतं. खाडीत गाळ भरत चालला होता. सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, पाण्यात होड्या बाहेर काढायच्या तर सगळ्यांत पुढच्या होडीच्या नाळीवर, अगदी टोकाला, एक माणूस बांबूची काठी घेऊन उभा राहायचा. काठी चिखलात टेकवायची आणि ओरडायचं, तीन हात, दोन हात, दीड हात. मागच्या होड्या त्याच्या बोलावर वळायच्या. मनुबाईचा बापूस काठीवाला होता. त्याच्यामागं दामाजी झाला. काठीवाल्यानं एकदा चुकीचं सांगितलं की मागच्या पाच होड्या पुढच्या भरतीपर्यंत चिखलात, आणि म्हावरं उन्हात.

काम सरळ होतं. दर शनिवारी पेशंटनं रिकामी बाटली आणायची. मनुबाईनं आत काही उरलंय का बघायचं, तक्त्यात सही करायची, पुढच्या आठवड्याची बाटली द्यायची, आणि नखं-हिरड्या बघून डॉक्टरांना सांगायचं. कारण ह्या जांभळीची एक खूण होती. दोन-तीन आठवडे झाले की नखांच्या मुळाशी काळीनिळी रेघ उमटायची, आणि हिरडीच्या कडेला जांभूळ खाल्ल्यासारखा डाग पडायचा. दुसऱ्या कुठल्या औषधानं तसा डाग पडलेला तिनं बघितला नव्हता.

ब्याण्णवच्या फेब्रुवारीत दामाजीच्या थुंकीतून रक्त आलं. फुफ्फुसात गाठ, पसरलेली. त्याच महिन्यात त्याच्या होडीवरचा गणू पोट धरून बसला, त्याच्याही पोटात गाठच निघाली. गणू आणि दामाजी तीस वर्षं एका होडीत. एकानं वल्हं मारायचं, दुसऱ्यानं जाळं टाकायचं, आणि दोघांनी दिवसभर एकमेकांना शिव्या द्यायच्या. मनुबाईनं दोघांनाही डॉक्टर कारखानीसांपुढं उभं केलं. दामाजीला घेतलं, चौथ्या पायरीवर, रोज चार गोळ्या. गणूला घेतलं नाही. त्याचं लिव्हर बिघडलेलं, डोळे हळदीसारखे. डॉक्टर म्हणाले, ह्याला दोन गोळ्याही झेपायच्या नाहीत. बायकोला, जनीला, घेऊन गणू विठ्ठलवाडीला लेकीच्या घरी जाऊन पडला.

आता आमच्याकडचा होडीचा एक कायदा आहे, तो सांगितला पाहिजे. होडीवरचा माणूस आजारी पडून किनाऱ्याला राहिला, तरी त्याचा वाटा बंद होत नाही. जेवढं म्हावरं येईल त्याचे वाटे पडतात आणि आजाऱ्याचा वाटा त्याच्या घरी जातो. कुणी मागत नाही, कुणी उपकार केले म्हणत नाही. न देणाऱ्याच्या होडीत पुढं कुणी पाय ठेवत नाही. त्याप्रमाणं जनी दर मंगळवारी आणि शुक्रवारी कोलशेतला यायची आणि टोपलीतून गणूचा वाटा घेऊन जायची.

चौथ्या पायरीवर दामाजीबरोबर दोघं होते, कळव्याचा मारुती आणि बाळकुमची मालन. मालनचं तोंड सोलवटलं, चार दिवस तिला पाणी गिळवेना, पण ती सावरली. मारुतीचे केस गेले, जुलाब झाले, तोही टिकला. दोघांच्या नखांवर रेघा ठळक. दामाजीला काहीच नाही. जेवतोय, शिव्या देतोय, नखांवर पुसटशी सावली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मनुबाई म्हणाली, खाडीतलं हाड आहे साहेब, एकवीरा आई बघतेय. बोलताना तिला बरं वाटलं. बाजारात एवढ्या स्वच्छ कल्ल्याचं म्हावरं कुणी विकायला आणलं असतं, तर तिनं पहिल्यांदा संशय घेतला असता.

एप्रिलातल्या एका शनिवारी चार आठवडे भरले. कंपनीचे साहेब आले होते, टाय लावलेले, रुमालानं मान पुसत. तक्ता बघून ते खूश झाले. चौथी पायरी पार. सोमवारी सकाळी आठ वाजता पाचवी, रोज सहा गोळ्या. तीन माणसं ठरलेली होती. त्यातली एक तुळसा, डोंबिवलीच्या मोठागावची, चौतीस वर्षांची, दोन लेकी. साहेब म्हणत होते, चार इस्पितळांशी बोलणी झालीत, जूनपर्यंत आकडा हातात पाहिजे.

रविवारी मनुबाईला सुट्टी. सुकटाची पुडी घेऊन सकाळच्या एसटीनं ती गणूला बघायला विठ्ठलवाडीला गेली.

लेकीच्या खोलीत गणू भिंतीला टेकून बसला होता. महिन्यापूर्वी बघितलेला माणूस अर्धा उरला होता. ओठ फुटलेले, त्यावर रक्ताची खपली. जनी चमच्यानं ताक घालत होती, तेवढंही त्याला झोंबत होतं. मनुबाईला वाटलं, काविळीनं घेतलंन. बाजूला बसून तिनं त्याचा हात हातात घेतला.

नखांच्या मुळाशी काळीनिळी रेघ होती. दहाही बोटांना.

तिनं त्याचा खालचा ओठ अंगठ्यानं खाली केला. हिरडीच्या कडेनं जांभळाचा डाग.

"कोन देतंय?" तिनं जनीला विचारलं.

जनीला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. तिनं कोनाड्यातली चंची काढून उघडली. सुपारीच्या खांडांबरोबर सहा जांभळ्या गोळ्या. दामाजी दादूस म्हावऱ्याच्या संगती पाठवतो, म्हणाली, रोजच्या दोन.

मनुबाईनं मनातल्या मनात मांडलं. बाटलीतल्या चार, दोन इकडं, राहिल्या दोन. दामाजीनं चार आठवडे दोनच खाल्ल्या. चौथ्या पायरीवर तो उभाच नव्हता. आणि त्याला काही झालं नाही म्हणून उद्या आठ वाजता तीन माणसांना सहा द्यायच्या होत्या. इथं दोन गोळ्यांनी एक माणूस असा झाला होता.

तिनं चंची कमरेला खोचली. गणूला सगळं सांगितलं, तुळसाचंही सांगितलं. तो ऐकत होता. बोलायला त्याचं तोंड उघडत नव्हतं. जनीनं मात्र पदर तोंडाला लावला आणि विचारलं, म्हणजे इख मीच घातला काय त्याच्या तोंडात. मनुबाई म्हणाली, तू दिलास, त्यानं धाडला, मी सही केली. आता रडत बसू नको, ताक दे.

दुपारी ती कोलशेतला परतली तेव्हा सुकती होती. होडी चिखलात कलती पडलेली. दामाजी तिच्या सावलीत बसून जाळं सांधत होता.

"गनूला गोल्या देतंस?"

दामाजीनं सुई थांबवली नाही. "देतंय."

"किती?"

"चारातल्या दोन. वाटा हाय त्याचा."

"डाक्टरला सांगलास चारी खाल्ल्या."

"त्यानं ईचारला, बाटली खाली झाली काय. झाली. खोटा काय बोललो?" मग सुई तोंडात धरून त्यानं गाठ आवळली आणि म्हणाला, "तो किनाऱ्याला आजारी परलाय आनि मी एकटाच बसून खाऊ? तुजा इस्पितळ तसा करतं आसंल. आमच्या होडीत नाय करत."

मनुबाईनं त्याला जिना समजावला. गणूचं तोंड कसं झालंय ते सांगितलं. दामाजीचा हात तेव्हा थांबला. तो म्हणाला, ते औषधानं नाही, रोगानंच. ती म्हणाली, नखं मी बघितलीत. मग दामाजी हळू आवाजात म्हणाला, सोमवार जाऊ दे, मंगळवारी सांग. आज सांगितलंस तर ते मला काढतील. गोळी गेली म्हणजे मी गेलो. तुला भाऊ जड झालाय का?

त्याला औषधात तिनंच घातलं होतं. गोळीनंच आपण चालतोय-फिरतोय अशी त्याची खात्री होती, आणि कदाचित ते खरंही असेल, कुणास ठाऊक. त्याला काढल्यावर दुसरं काही द्यायला कुणाकडं नव्हतं. नोकरी जाणार ते वेगळं. तक्त्यावरच्या चारही सह्या तिच्या होत्या.

"बापूस काठी कनाला धरायचा, दादूस?" ती म्हणाली.

त्यानं पुन्हा सुई चालवली.

"मागून होड्या यायच्या म्हून. आता तू नालीवर उभा हास. खाली दीर हात पानी, नि तू तीन हात म्हून वरडलास. उद्या आठाला मागून तिघं येतान."

दामाजीनं जाळं खाली टाकलं. "जा," तो म्हणाला. "माज्या समोरशी जा."

सोमवारी सात वाजता मनुबाई वॉर्डात पोचली. तिन्ही खाटांवर माणसं बसली होती. सिस्टर बाटल्या मांडत होती. कंपनीचे साहेबही पोचलेले, पहिली गोळी त्यांना डोळ्यांनी बघायची होती. डॉक्टर कारखानीस आले पावणेआठला. मनुबाई त्यांच्या टेबलापाशी गेली, चंची उघडून सहा गोळ्या त्यांच्या कागदावर ठेवल्या आणि कुठंही न थांबता सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. त्यांच्या आधी साहेबच बोलले. ते म्हणाले, ह्या गोळ्या कुठून आल्या ते आपल्याला माहीत नाही. बाटली रिकामी होती, तशी नोंद आहे, आणि नोंदीखाली सही ह्याच बाईची आहे. आज ती एक म्हणते, शनिवारी दुसरं म्हणत होती. एका आयाच्या ऐकीव गोष्टीवर चार महिन्यांचं काम अडवायचं का?

"सही तुमची आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"माजीच हाय. बाटली बगितली, साहेब. पोट नाय बगितला."

डॉक्टर उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. म्हणाले, दामाजीला बोलवा, त्याच्या तोंडून ऐकू द्या. मनुबाईनं सांगितलं, तो यायचा नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं. ते म्हणाले, मग नोंदीप्रमाणं जाऊ, काही वाटलं तर दोन दिवसांनी थांबवता येईल. डॉक्टर लगेच नाही म्हणाले नाहीत. त्यांच्या मनातही जून महिना होताच. तो चांगला माणूस होता, पण चांगल्या माणसालाही नोंद बरी वाटते, ती टेबलावर असते.

तिकडं सिस्टरनं आठ वाजले म्हणून वाट्या दिल्या. तुळसाच्या तळहातावर सहा जांभळ्या गोळ्या, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. ती काचेतून इकडची माणसं बघत होती. तिनं मान बाहेर काढून विचारलं, "मावशी, घेऊ का नको?"

"थांब जरा," मनुबाई म्हणाली. आयाला तसं सांगायचा अधिकार नव्हता. सिस्टरनं तिच्याकडं बघितलं, मग डॉक्टरांकडं.

"मनुबाई," डॉक्टर म्हणाले, "मला काहीतरी दाखवा. नुसत्या बोलण्यावर मी..."

तेवढ्यात बाहेरच्या बाकड्यापाशी कुणीतरी खोकत शिव्या घातल्या. तो खोकला मनुबाई दहा होड्यांतून ओळखायची. दामाजी भिंतीचा आधार घेत येत होता, आणि त्याच्या दुसऱ्या काखेत, लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेला, गणू. रविवारी संध्याकाळीच दामाजी विठ्ठलवाडीला गेला होता आणि सकाळच्या पहिल्या एसटीनं गणूला घेऊन निघाला होता. बहिणीकडं त्यानं बघितलंही नाही. गणूला त्यानं डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत बसवलं.

"याचा तोंड बगा," तो म्हणाला. "अर्ध्या गोल्या यानं खाल्ल्यान. मी दिल्या. काठी मीच धरलीवती."

गणूनं तोंड उघडलं. उघडताना ओठाची खपली सुटली आणि हनुवटीवरून रक्त खाली आलं. डॉक्टरांनी टॉर्च लावून बघितलं, मग एकेक नख. साहेबांनीही वाकून बघितलं आणि सरळ झाले. टाय त्यांनी सैल केला.

डॉक्टर स्वतः वॉर्डात गेले आणि तुळसाच्या तळहातावरच्या गोळ्या उचलून वाटीत टाकल्या.

मग दामाजीनं विचारलं, "आता मना कारनार?"

"काढावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

"बरा," दामाजी म्हणाला, आणि गणूच्या शेजारी बसला.

गणू त्याच वॉर्डात अकरा दिवसांनी गेला.

चौथी पायरी पुन्हा मांडली. दामाजीच्या जागी नवा माणूस घेतला. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी अशा घटल्या की त्याला काचेच्या खोलीत ठेवावं लागलं. तो एक झाला. नियमाप्रमाणं आणखी तिघं घेतले. त्यातल्या एका बाईच्या तोंडातून आणि आतड्यातून रक्त सुरू झालं. ते दोन झाले. थांबले, खाली उतरले, आणि तीन गोळ्यांचा आकडा धरला. चारावर दोन माणसं अशी पडली, तर सहावर ती तिघं कुठं गेली असती, हे ज्यानं त्यानं आपलं बघावं. तुळसाला पुढं तीनच गोळ्या मिळाल्या. ती दीड वर्षं जगली, त्यातलं वर्षभर आपल्या पायांनी हिंडून. मोठ्या लेकीचं लग्न तिनं बघितलं, धाकटीचं नाही.

मनुबाईला दोन महिने घरी बसवलं. न बघता सही केली म्हणून. ते बरोबरच होतं, असं ती म्हणायची. दामाजी तिच्याशी बोलत नव्हता. एका घरात दोन चुली झाल्या. पावसाळ्याच्या तोंडाला त्याचं होडीवर जाणं बंद झालं, आणि होडीवरची पोरं आता त्याचा वाटा घरी आणून द्यायला लागली, आजाऱ्याचा वाटा. पहिल्याच दिवशी त्यानं त्यातली बोय मधोमध कापली आणि अर्धी बायकोच्या हातानं मनुबाईच्या चुलीपाशी पाठवली. निरोप असा, की तूपन किनाऱ्यालाच बसलीस. मनुबाईनं ती तळून खाल्ली. श्रावणात तो गेला. बोलला नाही तो नाहीच.

कामावर परतल्यावर डॉक्टरांनी तिला विचारलं, ही चूक आपल्याला आधी कशी कळली असती? तिनं सांगितलं, साहेब, तुम्ही विचारता औषध घेतलं का. ते विचारू नका. घरात आणखी कोण आजारी आहे, ते विचारा. आणि दिवसाची गोळी आमच्यासमोर गिळू द्या, जवळच्यांनी इथं, लांबच्यांनी तिथल्या दवाखान्यात. मोठ्या चाचणीचे कागद छापले तेव्हा तो प्रश्न त्यात आला, सातव्या ओळीत. विचारणाऱ्याचं नाव अर्थात नाही.

चौऱ्याण्णव साली चार इस्पितळांत ती चाचणी सुरू झाली. जांभळीनं काही चमत्कार केला नाही. पण तीन गोळ्या माणसांना सोसल्या, बहुतेकांनी औषध शेवटपर्यंत धरलं, आणि धरलं म्हणून कळलं तरी, की पाचातल्या एकाची गाठ काही महिने थांबते. त्याच कंपनीचं दुसरं एक औषध होतं. त्याची पहिली पायऱ्यांची चाचणी दुसरीकडं दोन महिन्यांत उरकलेली. ते मोठ्या चाचणीत गेलं आणि निम्मी माणसं महिन्याभरात सोडून गेली. औषध वाईट होतं की आकडा वाईट होता, हे आता कुणालाच सांगता येत नाही. ते कपाटात गेलं.

चारांतलं एक इस्पितळ कल्याणात होतं. तिथल्या आयांना शिकवायला मनुबाईला महिनाभर पाठवलं. एका सकाळी तिच्यापुढं जाईबाई नावाची म्हातारी बसली, तिसरा आठवडा चाललेली. रोज दवाखान्यात येऊन आयासमोर गोळ्या घेणारी, अशी नोंद. घरात आणखी कोण आजारी आहे, असं मनुबाईनं विचारलं. म्हातारी म्हणाली, कोनी नाय. मनुबाईनं तिचा मोकळा हात उलटा केला. नखं स्वच्छ. पेला अर्धा प्यालेला, आणि म्हातारीची एक मूठ पदरात.

"वाटा कोनाला जातंय?" मनुबाईनं विचारलं.

म्हातारीनं मूठ बाहेर काढून उघडली. आजच्या तीन जांभळ्या गोळ्या. "जावेला," ती म्हणाली. "तिला कोन देनार?"

मनुबाईनं जावेचं नाव-गाव विचारून घेतलं आणि सिस्टरला लिहायला सांगितलं. मग पेला पुढं सरकवला. म्हातारीनं पेला घेताना मनुबाईचा हात नाकाशी नेला आणि हुंगला.

"म्हावरा इकतंस काय गो बाय?"

"इकायची," मनुबाई म्हणाली. "आता गिल. माज्यासमोर."